दुखण्याला त्याचे नाव द्या



गेल्या वर्षी याच पत्रिकेच्या एका अंकात माझ्यासाठी प्रार्थनेची विनंती छापून आली होती. माझ्या अन्ननलिकेत कर्करोगाची गाठ निघाली होती आणि शस्त्रक्रिया व्हायची होती. आपण प्रार्थना केलीत, कित्येकांनी फोन केले, दोघांनी रक्त दिले. त्या सर्वांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, गाठ पूर्ण निघाली आणि नंतरच्या तपासण्यांतही रोग कुठे दिसला नाही.

एवढे आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असे की, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने मला दुखत होते आणि मी ते कुणालाही सांगत नव्हतो. डॉक्टरांना नाही, बायकोला नाही, प्रार्थनेतही धड नाही. त्या गप्प राहण्याची किंमत मी मोजली. ती दुसऱ्या कुणाला मोजावी लागू नये म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नाही. गिरगावात खोताच्या वाडीत राहणारा, चौसष्ट वर्षांचा, निवृत्त शिक्षक आहे. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले. इथे लिहितो ते मी सोसलेले आणि डॉक्टरांनी मला समजावून सांगितलेले आहे. औषध कोणते, किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

या शस्त्रक्रियेत काय करतात

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटीमीटर लांबीची नळी. ती श्वासनलिकेच्या मागून, पाठीच्या कण्याला लागून, छातीच्या पोकळीतून खाली उतरते. शेजारी हृदय, फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या. म्हणून तिच्यापर्यंत पोहोचणे अवघड.

१९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदाने छातीतली रोगट अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. रुग्ण सदुसष्ट वर्षांची बाई होती. काढलेल्या नलिकेच्या जागी बसवायला काही नव्हते, म्हणून मानेपासून पोटापर्यंत शरीराबाहेरून रबराची नळी लावली आणि तीतून जेवत ती बाई पुढे बारा-तेरा वर्षे जगली. १९४६ साली आयव्हर लुईस या वेल्समधल्या शल्यविशारदाने उजवी छाती उघडून अन्ननलिका काढण्याची आणि जठरच वर ओढून तिथे जोडण्याची रीत मांडली. आजही मूळ कल्पना तीच आहे. पोट उघडून जठराला लांब नळीचा आकार देतात, ते छातीत वर घेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला छातीत किंवा मानेत जोडतात.

माझी शस्त्रक्रिया परळच्या टाटा रुग्णालयात झाली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय ज्या रस्त्यावर आहे, त्याला तिथलेच थोर शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. माझ्या अंगावर तीन जखमा होत्या: मानेवर डावीकडे, पोटावर मधोमध आणि उजव्या बगलेखाली फासळ्यांच्या रेषेत. शिवाय आतड्यात अन्न सोडण्यासाठी पोटातून बसवलेली बारीक नळी. सगळ्यांनी मला पोटाच्या जखमेची भीती घातली होती. पोटाची जखम महिन्याभरात गप्प झाली. बोलत राहिली ती फासळ्यांची.

मी गप्प का राहिलो

खोताच्या वाडीत लपवाछपवी कठीण. गल्ली अरुंद, घरे समोरासमोर, लाकडी सज्जे एकमेकांशी बोलतील इतके जवळ. रुग्णालयातून आलो तेव्हा आमच्या बाहेरच्या लाकडी जिन्यावरून शेजारच्या पोरांनी मला खुर्चीसकट वर नेले. त्यानंतर सज्जात बसलो की येणारा-जाणारा विचारी, “मास्तर, कसे आहात?” मी म्हणे, “मजेत.”

म्हणायला कारणे होती. पहिले कारण म्हणजे लाज. माझ्याबरोबर वॉर्डात असलेले दोघे जण आज नाहीत. मी वाचलो, आणि आता बनियन टोचतो म्हणून कुरकुर करू? दुसरे कारण श्रद्धेचे, पण चुकीच्या समजुतीचे. एवढ्या लोकांनी प्रार्थना केल्यावर मी “अजून दुखते” म्हणालो, तर त्यांच्या प्रार्थनेला उणेपणा येईल असे वाटे. तिसरे कारण सगळ्यांत मोठे होते. मला वाटत होते की रोग परत आला आहे. विचारले तर तेच ऐकावे लागेल, म्हणून विचारतच नव्हतो.

उजव्या खांद्याच्या पात्याखालून निघून बगलेखालून छातीपर्यंत, तळहाताएवढ्या रुंदीचा एक पट्टा होता. त्या पट्ट्यात दिवसरात्र आग व्हायची. मधूनच सुरी फिरवल्यासारखी चमक जायची. नवल असे की त्याच जागी चिमटा काढला तर कळायचा नाही. बधिर आणि तरी जळणारी जागा! रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या मी ती बोटांनी चाचपायचो आणि गाठ लागते का बघायचो.

मग मी गल्लीतले फिरणे सोडले, कारण चालताना कपडा घासायचा. उजवा हात वर नेणे सोडले, त्यामुळे खांदा आखडला. जेवण कमी झाले आणि वजन चार किलोंनी उतरले. औषधाच्या दुकानातून सांधेदुखीच्या गोळ्या आणून कुणाला न सांगता तीन आठवडे घेतल्या. त्यांनी फासळ्यांचे दुखणे तसूभरही हलले नाही. छातीत जळजळ मात्र सुरू झाली.

शेवटी पकडले बायकोने. कपडे वाळत घालताना ती म्हणाली, “अहो, बनियन रोज उलटा का घालता? आणि एकच, तो जुना मऊ?” शिवण आतल्या बाजूने टोचते म्हणून मी तो उलटा घालत होतो. मला उत्तर देता आले नाही. डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी तिने मला चर्नी रोडला गाडीत बसवले आणि प्रभादेवीला उतरून आम्ही रुग्णालयात गेलो.

“मराठीचे मास्तर ना तुम्ही?”

डॉक्टरबाईंनी विचारले, “कसं दुखतंय?” मी म्हणालो, “दुखतं.” त्या हसल्या. “मराठीचे मास्तर ना तुम्ही? दुखण्याला आपल्याकडे इतके शब्द आहेत आणि तुम्ही मला एकच देता?”

त्यांनी तपासले, स्कॅन करून घेतला. रोग नव्हता. मग त्यांनी मला गृहपाठ दिला. पंधरा दिवस वही ठेवायची. रोज लिहायचे: कुठे दुखले, कधी, किती वेळ, कशाने वाढले, कशाने कमी झाले. आणि कसे दुखले त्याचा नेमका शब्द.

मी वही ठेवली आणि कळले की मला एक नाही, चार वेगवेगळी दुखणी होती. मी त्यांची एकच मोट बांधून तिला ‘कर्करोग’ असे नाव दिले होते. वहीतले शब्द बघून डॉक्टरबाईंनी एकेक वेगळे करून दाखवले.

आग होणे, चरचरणे, मुंग्या येणे, झिणझिण्या, विजेसारखी चमक, कपडा लागला तरी सहन न होणे, आणि त्याच जागी बधिरपणा: हे शब्द बहुधा नसेच्या दुखण्याचे असतात.

आखडणे, भरून येणे, ओढ बसणे, रग लागणे: हे स्नायूंचे, सांध्याचे किंवा जखमेच्या व्रणाचे. छाती उघडताना पाठीच्या स्नायूंना धक्का लागतो, आणि मग आपण हात हलवत नाही म्हणून खांदा धरतो.

जळजळ, घशाशी आंबट किंवा कडू येणे: हे वर येणाऱ्या आम्लाचे आणि पित्ताचे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये जी झडप असते, ती या शस्त्रक्रियेत निघून जाते. त्यामुळे आडवे झाले की पोटातले वर येते.

जेवणानंतर कळा येणे, मुरडा, घाम, धडधड, गळून जाणे: हे बहुतेक वेळा अन्न जठरातून आतड्यात फार घाईने उतरल्याचे. गोड आणि पातळ पदार्थ एकदम जास्त घेतले की हे हमखास होते.

घास अडकणे, गिळताना टोचणे: जोडाची जागा आकसली असण्याचा संभव. ती दुर्बिणीतून रुंद करता येते. सहन करत उपाशी राहण्याचे काहीच कारण नाही.

ठणकणे, ठसठसणे, सोबत लाली, सूज किंवा ताप: जंतुसंसर्गाची शंका. त्याच दिवशी दाखवायचे.

केवळ शब्दांवरून निदान होत नाही, तपासावे लागतेच. पण नेमका शब्द मिळाला तर डॉक्टर नेमक्या दिशेने शोधू लागतात.

नस दुखावते म्हणजे काय

माझे मोठे दुखणे नसेचे निघाले. फासळ्यांच्या बारा जोड्या असतात. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते आणि तिच्यातून रक्तवाहिन्यांसोबत एक मज्जातंतू पाठीकडून पुढे छातीकडे येतो. बोलताना आपण त्यालाच नस म्हणतो. छाती उघडताना दोन फासळ्यांमध्ये फट करून त्या फाकवाव्या लागतात. त्यात ही नस दबते, ताणली जाते, कधी तुटते. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत जखमा लहान असतात, तरी नळ्या फासळ्यांमधूनच घालतात, त्यामुळे तिथेही नस दुखावू शकते.

दुखावलेली नस दोन गोष्टी करते. जिथला निरोप आणायचा तिथला आणत नाही, म्हणून जागा बधिर. आणि नसलेले निरोप मेंदूला पाठवत राहते, म्हणून आग. घराची घंटा बिघडली की दारात कुणी नसताना वाजत राहते, तसे. घंटा खरोखरच वाजते, आपल्याला भास होत नसतो. पण दारात चोर मात्र नसतो.

नस हळूहळू वाढते, साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सव्वा इंचाच्या आत-बाहेर. पाठीपासून छातीपर्यंतचे अंतर लक्षात घेतले तर वर्ष का लागते ते कळते. सगळ्यांचीच नस पुरती भरून येते असेही नाही. जखमेच्या रेषेत दोन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या या दुखण्याला डॉक्टरांनी वेगळे नाव दिले आहे: पोस्ट-थोरॅकोटॉमी पेन सिंड्रोम. छाती उघडलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत लोकांना काही महिने ते कमी-अधिक जाणवते. बहुतेकांना सौम्य, थोड्यांना तीव्र.

हे ऐकले त्या रात्री मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा सलग झोपलो. दुखणे तेवढेच होते, फक्त त्याचे नाव बदलले होते.

औषधांविषयी

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. दुकानातून आणलेल्या सांधेदुखीच्या गोळ्यांनी माझे दुखणे हलले नाही ते यामुळे. उलट अशा बऱ्याच गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. जठराची नळी केलेल्या माणसाने त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

नसेच्या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रेगॅबॅलिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे देतात. पहिली दोन फिट्ससाठीही देतात आणि तिसरे मुळात नैराश्यावरचे. गोळीच्या पाकिटातला कागद वाचून पुष्कळ जण घाबरतात आणि औषध टाकून देतात. मीही घाबरलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्हाला फिट्स नाहीत आणि वेडही लागलेलं नाही. वाजत राहिलेली घंटा शांत करायला हेच औषध लागतं, इतकंच.”

ही औषधे थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. परिणाम दिसायला आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड हे होऊ शकते, म्हणून रात्री उठताना सांभाळावे. बरे वाटले तरी एकदम बंद करू नयेत, उतरवत न्यावीत. काही गोळ्या फोडून किंवा कुटून घ्यायच्या नसतात. गोळी गिळता येत नसेल तर तसे सांगावे, दुसरा मार्ग असतो. याशिवाय बधिर करणाऱ्या औषधाच्या पट्ट्या, नसेजवळ देण्याचे इंजेक्शन असे उपायही आहेत. टाटामध्ये वेदनेच्या उपचारांसाठी वेगळी ओपीडी आहे. ‘दुखते’ एवढ्याच तक्रारीसाठी तिथे जाता येते, हे मला नऊ महिने ठाऊक नव्हते.

घरी काय केले

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवले. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडते, पलंगच उंच केला की पाठ सरळ राहते. जेवल्यावर दोन-तीन तास आडवा होत नाही. दिवसात सहा-सात वेळा थोडेथोडे खातो: मऊ भात, वरण, पेज, उकडलेले मासे. जेवताना पाणी पीत नाही, मागाहून घोटघोट पितो. बाटल मसाल्याची बरणी सध्या बायकोच्या ताब्यात आहे.

जळणाऱ्या जागेला स्पर्शाची सवय करायला शिकवले. आधी कापसाच्या बोळ्याने, मग जुन्या मलमलीने, मग टॉवेलने, दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटे हलके फिरवायचे. पहिल्या आठवड्यात कापूसही नकोसा होता. दोन महिन्यांनी मी बनियन सुलटा घातला.

खांद्यासाठी भिंतीवर बोटांनी चढायचे. हात जिथवर जाईल तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर मुलीच्या उंचीच्या जुन्या खुणांशेजारी आता बापाच्या हाताच्या खुणा आहेत. खोकताना छातीवर उशी दाबून धरली की फासळ्यांना हिसका बसत नाही.

चालणे पुन्हा सुरू केले. आधी वाडीतल्या क्रुसापर्यंत, मग खाडिलकर रोडवर केशवजी नाईक चाळीपर्यंत. दुखेपर्यंत चालायचे नाही, ठरवलेले अंतर झाले की परतायचे. चांगल्या दिवशी हुरळून दुप्पट चाललो की पुढचे दोन दिवस अंथरुणात जात, हे वहीनेच दाखवले. लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डबा असतो. कागदपत्रे जवळ ठेवून त्यात बसावे. गर्दीतला एक कोपर आठवड्याची कमाई घालवतो.

एक सावधगिरी. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका बसलेला कळत नाही. मला फोड आले तेव्हा कळले.

हे दुखणे घरी ठेवू नका

नाव कळले म्हणून प्रत्येक दुखणे नसेच्या खात्यात टाकायचे नाही. पुढीलपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालय गाठावे:

• नव्या जागी सुरू झालेले आणि आठवड्यागणिक वाढणारे दुखणे. हाडात किंवा पाठीच्या कण्यात खोल दुखणे, रात्री जागे करणारे.
• गिळायला पुन्हा अडचण येणे, वजन पुन्हा उतरू लागणे.
• ताप, छातीत दुखून धाप लागणे.
• एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणे.
• रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचाला होणे.
• पायांत अशक्तपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे.

जव्हारकडचा एक गृहस्थ

आपल्या मिशनच्या पाड्यांवरून उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या मंडळींबरोबर मी आता अधूनमधून रुग्णालयात जातो. केसपेपर काढणे, रांग धरणे, सांगितलेले समजावून देणे, एवढेच काम. काही जणांची राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होते, काहींना रस्त्याच्या कडेला दिवस काढावे लागतात.

पावसाळ्याच्या आधी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरून साठीचे एक वारली शेतकरी आले. माझीच शस्त्रक्रिया, पाच महिन्यांपूर्वी झालेली. डॉक्टरांनी विचारले की मुलगा सांगे, “बरा आहे, फक्त खात नाही.” बाप खाली बघत बसलेला. माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. दोन बोटांच्या चिमटीत सदरा धरून त्यांनी तो छातीपासून वेगळा ठेवला होता, सारा वेळ.

मी शेजारी बसलो. “बाबा, कपडा लागला की आग होते का?” त्यांनी मान वर केली. “जळतं, गुरुजी. आतून जळतं. पण हात लावला तर कळत नाही.” मुलगा चकित होऊन बापाकडे बघू लागला. त्याने हे पहिल्यांदाच ऐकले होते.

शून्य ते दहामध्ये किती दुखते, हा डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न त्यांना उमगेना. मला एकदम पिकाची आणेवारी आठवली. विचारले, “सोळा आण्यांत किती आणे दुखतं?” क्षणाचाही विचार न करता ते म्हणाले, “दिवसा दहा, रात्री चौदा.” डॉक्टरांनी तसेच लिहून घेतले. तपासणी झाली. रोग नव्हता, नस होती. औषध सुरू झाले. महिन्याने परत आले तेव्हा सांगितले, “सहा आणे.” आणि मग स्वतःहून, “भात खातो.”

बैल मात्र तोवर विकून झाला होता. बापाचे जेवण तुटले म्हणजे रोग परत आला, असे घरच्यांनी धरले होते आणि पुन्हा सगळा खर्च येणार म्हणून पेरणीच्या तोंडावर बैल काढला होता. कुणी आधी विचारले असते, तर तो दावणीला राहिला असता. माझ्या नऊ महिन्यांत माझे चार किलो गेले. त्यांच्या पाच महिन्यांत बैल गेला.

आपण काय करू शकतो

डेम सिसिली सॉन्डर्स यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या ख्रिस्ती बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. त्यांचे म्हणणे असे की दुखणे एकट्या शरीराचे नसते. त्यात मनाची भीती असते, घरच्या पैशांची चिंता असते आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा आत्म्याचा प्रश्नही असतो. चारही बाजूंनी विचारपूस केल्याशिवाय ते पुरते हटत नाही. त्याच विचाराने १९८६ साली आपल्या वांद्र्यात शांती आवेदना सदन सुरू झाले. सॉन्डर्सबाईंचे काम अखेरच्या आजारातल्या रुग्णांसाठी होते, पण ही गोष्ट बऱ्या होणाऱ्यालाही तितकीच लागू आहे.

म्हणून विनंती. आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा “बरे झालात ना?” असे विचारू नका. त्या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय उत्तर देता येत नाही. विचारा, “आता कुठे दुखते? कसे दुखते? किती आणे?” आणि उत्तर लिहून घ्या, पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवायला.

आणि जे दुखणे लपवून बसले आहेत, त्यांना माझ्याकडून एक सांगणे. गप्प सोसणे म्हणजे श्रद्धा, असे मी मानत होतो. पुन्हा ईयोबाचे पुस्तक काढून वाचले. तो गप्प बसलेला नाही. सात दिवस मुकाट बसल्यावर त्याने तोंड उघडले ते पुष्कळ अध्याय बोलतच राहिला, थेट देवाशी. स्तोत्रसंहितेतही कण्हणे कमी नाही. देवापुढे जे बोलायला मुभा आहे, ते डॉक्टरांपुढे बोलायला लाज कसली?

माझे दुखणे गेलेले नाही. आज हा लेख लिहिताना दोन आणे आहे. थंडीत चार होते. वही अजून चालू आहे आणि बनियन सुलटा आहे. आपण केलेल्या प्रार्थनेला यात कुठेही उणेपणा आला, असे आता मला वाटत नाही.

प्रभूमध्ये आपला,
खोताच्या वाडीतला एक शिक्षक